सशामागचा कुत्रा की शेळ्यांचा राखणदार?



गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कन्नड तालुक्यातील आपल्या एका वस्तीवर बचत गटाची बैठक आटोपून मी निघाले होते. गौताळ्याच्या डोंगराला लागून असलेली ही भिल्ल कुटुंबांची लहानशी वस्ती आपल्यापैकी काहींनी पाहिली आहे. तेवढ्यात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा मोबाइल घेऊन जवळ आला. "ताई, हे जनावर कुठं भेटतं?" त्याने विचारले.

मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ चालू होता. एका बांधावर जमिनीत दहा-बारा बिळे, प्रत्येक बिळाच्या तोंडावर लहान जाळे. एक माणूस पिशवीतून मुंगसाच्या अंगलटीचा, लांबट, पिवळसर पांढरा प्राणी काढतो आणि बिळात सोडतो. शेजारी एक सडपातळ कुत्रा हूं की चूं न करता उभा आहे. क्षणभराने दुसऱ्या बिळातून ससा उसळी मारून बाहेर येतो आणि जाळ्यात अडकतो.

"आन असं कुत्रं?" त्याचा दुसरा प्रश्न तयारच होता.

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण त्या वस्तीवर कुत्र्याच्या बाबतीत एक चूक माझ्या हातून आधीच झाली होती. त्याची किंमत याच मुलाचा थोरला भाऊ आजही कोर्टाच्या तारखांना हजर राहून मोजत आहे. या अंकात कामाच्या कुत्र्याबद्दल लिहायचे ठरवले ते त्यासाठी. आपल्यापैकी अनेकजण वस्त्यांसाठी शेळ्या देतात, काहीजण प्रेमाने कुत्र्याची पिल्लेही देऊ करतात. म्हणून ही गोष्ट आपल्यालाही माहीत असावी.

व्हिडिओतले जनावर आणि आपला ससा

त्या लांबट प्राण्याचे नाव फेरेट. युरोपात माणसाने तो फार पूर्वीपासून पाळला आहे. अंग बारीक आणि लवचीक असल्यामुळे तो बिळात सहज शिरतो. त्याचा वास आला की बिळातले ससे जिवाच्या भीतीने बाहेर पळतात आणि तोंडावर लावलेल्या जाळ्यात सापडतात. या कामात कुत्र्याला धावावे लागते ते क्वचितच. कोणत्या बिळात ससा आहे हे वासावरून ओळखून त्याने तिथे थांबायचे असते. भुंकायचे नाही, जाळे तुडवायचे नाही आणि फेरेटला दात लावायचा नाही. म्हणून तिकडे या कामासाठी कुत्रा निवडताना वेगाच्या आधी नाक, शांतपणा आणि ऐकण्याची सवय पाहतात. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या कुत्र्याचा टेरियरशी किंवा मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याशी संकर करून झालेली 'लर्चर' जात त्यासाठी प्रसिद्ध आहे.

पण ही सगळी रीत उभी आहे ती बिळात राहणाऱ्या सशावर, आणि आपल्या रानातला ससा बिळात राहतच नाही. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. युरोपातला बिळातला ससा हा आपल्याकडच्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या पाळीव सशाचा पूर्वज. तो जमिनीखाली बिळांचे जाळे करून घोळक्याने राहतो. त्याची पिल्ले जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात आणि डोळे मिटलेले असतात. आपल्या माळावरचा ससा एकटा राहतो. गवतात किंवा झुडपाखाली उथळ खळगा करून दिवसभर दबून बसतो आणि सांज झाली की चरायला निघतो. त्याची पिल्ले उघड्यावरच जन्मतात, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा असतो, त्यावरून तो ओळखता येतो. संकट आले की हा ससा बिळाकडे पळत नाही. तो वाकडातिकडा धावत सुटतो, आणि धावणे हेच त्याचे संरक्षण असते.

दोन्हीकडची परिस्थितीही वेगळी आहे. ऑस्ट्रेलियात १८५९ साली एका जमीनदाराने शिकारीसाठी काही ससे मोकळे सोडले आणि पुढे त्यांनी देशभरची कुरणे फस्त केली. तिथे ससा म्हणजे शेतीचा शत्रू. इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकडून होणाऱ्या शिकारीवर बंदी घातली, तेव्हाही बिळातल्या सशाला त्यातून वगळले. माळावर धावणाऱ्या मोठ्या सशामागे कुत्रे सोडण्याला मात्र तिथेही मनाई आहे. म्हणजे त्या मुलाने पाहिलेला व्हिडिओ त्या माणसाच्या देशात कायद्याला धरून असेल, पण तीच गोष्ट कन्नडच्या माळावर केली तर तो गुन्हा होतो.

सशामागचा कुत्रा जुनी माणसे कशी निवडत

वस्तीवर सत्तरी ओलांडलेले एक बाबा आहेत. तरुणपणी त्यांच्याकडे सशामागे धावणारी कुत्री होती. तो काळ ते लपवत नाहीत आणि त्याची बढाईही मारत नाहीत. पिल्लू कसे निवडायचे, असे मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितलेले ऐकून मला वाटले, हे एक पूर्ण शास्त्रच आहे.

आधी आई-बाप पाहायचे. पिल्लू कितीही देखणे असो, त्याच्या आईला धावताना पाहिल्याशिवाय ते घ्यायचे नाही. मग छाती पाहायची, ती खोल हवी, म्हणजे फुफ्फुसाला जागा मिळते. कंबर बारीक आणि पोट वर ओढलेले हवे. पंजा घट्ट मिटलेला हवा, पसरट पंजा दगडगोट्यात फाटतो. डोळे मोठे हवेत आणि लांबवर काही हलले तर सगळ्यात आधी मान उचलणारे पिल्लू हवे. "नाकावर धावणारं कुत्रं सशाचं नसतं," बाबा म्हणाले. "सशाचं कुत्रं डोळ्यावर धावतं." धावताना ओरडणारा कुत्रा ते घेत नसत, कारण ओरडण्यात दम जातो. पकडलेले जनावर न फाडता आणून देणारा कुत्रा सगळ्यांत मोलाचा.

हे वर्णन जिला तंतोतंत लागू पडते ती जात आपल्या मराठवाड्याची आहे. तिला कारवानी किंवा कारवान म्हणतात. लातूर-उदगीर पट्ट्यात ती आजही पाळली जाते. लांब निमुळते तोंड, उंच पाय, आखूड केस आणि नराची उंची साधारण सत्तावीस ते एकोणतीस इंच. कानांवर आणि शेपटीवर रेशमी केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. मध्य आशियातून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानाबरोबर, ही कुत्री दख्खनमध्ये आली असे सांगतात. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानाच्या घोरपडे राजांनी ती जोपासली, म्हणून तिकडे तिला मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली भारतीय डाक विभागाने चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होता. भारतीय लष्करानेही या जातीला प्रशिक्षण देऊन पाहिले आहे. ही जात टिकावी, याबद्दल दुमत नाही. कुत्रा चांगला आहेच, पण आपल्याला तो कोणत्या कामासाठी हवा आहे हे आधी ठरवावे लागते.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वी त्या वस्तीवर बिबट्याने लागोपाठच्या दोन रात्रींत दोन शेळ्या नेल्या. आपल्या मदतीतून दिलेल्याच त्या शेळ्या होत्या. एका हितचिंतकांनी राखणीसाठी दोन कारवानी पिल्ले देऊ केली. त्यांचे मन मोठे होते आणि मला आनंद झाला. पिल्ले देखणी होती, मुलांनी ती उचलून घेतली, फोटोही काढले. कुत्रा म्हणजे कुत्रा, मोठा झाला की राखण करीलच, असे मी धरून चालले. वस्तीतल्या एकाही माणसाला मी विचारले नाही.

वर्षभरात ते कुत्रे कमरेएवढे उंच झाले. रात्री आवाज आला तर ते भुंकत नसत. दिवसा शेळ्यांबरोबर रानात गेले की कळप सोडून माळाकडे टक लावून उभे राहत. एके दिवशी एक कुत्रा तोंडात ससा धरून वस्तीवर आला. त्या रात्री एका घरात कालवण शिजले. दोन महिन्यांनी या मुलाचा थोरला भाऊ आणखी दोघांना घेऊन कुत्र्यामागे गेला आणि हातात मेलेला ससा असताना गस्तीवरच्या वनकर्मचाऱ्यांना सापडला. त्यांनी त्यांचे काम केले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. अभयारण्याची हद्द तिथून पुढे सुरू होत होती, एवढेच त्यातल्या त्यात बरे. तेव्हापासून तो तारखांना जातो. तारखेच्या दिवशी मजुरी बुडते, वकिलाची फी द्यावी लागते आणि त्यासाठी त्याच्या आईने एक शेळी विकली.

मी बाबांना भेटून म्हटले, "बाबा, कुत्री चुकली." ते म्हणाले, "कुत्री कशाला चुकतील? त्यांना ज्या कामाला घडवलं तेच त्यांनी केलं. तुम्ही आम्हाला विचारलंच नाही ना, ताई." हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेले नाही.

कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या नवव्या कलमाने वन्य प्राण्यांच्या शिकारीला मनाई केली आहे आणि रानातला ससा हा संरक्षित प्राणी आहे. 'शिकार' शब्दाची व्याख्या या कायद्यात फार रुंद आहे. फक्त मारणे म्हणजे शिकार नव्हे. पकडणे, फासे लावणे, सापळा लावणे, हाकून नेणे, आमिष दाखवणे, कुत्रे सोडून पाठलाग करणे आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणे, हे सगळे शिकारच आहे. ससा निसटला तरी गुन्हा होतो.

२०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हाच गुन्हा अभयारण्यात घडला तर किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे आणि वस्तीवरून निघालेला कुत्रा सशामागे धावताना हद्दीचा दगड पाहत नाही.

वस्त्यांवर एक गैरसमज वारंवार ऐकू येतो: "आम्हाला वनहक्क मिळालाय, मग शिकार का नाही?" २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना कसण्याचा, राहण्याचा, गौण वनोपज गोळा करण्याचा आणि इतर परंपरागत हक्क दिला. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात शिकारीचा आणि सापळा लावण्याचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. हे आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीवर समजावून सांगितलेच पाहिजे. नाहीतर पोरे हक्क आहे असे समजून जातात आणि आरोपी होऊन परततात.

इथे एक गोष्ट आपणही मनात ठेवू या. इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण गावांच्या नजरेतला संशय अजून गेलेला नाही. शिकारीवर जगलेल्या समाजांकडे आपण त्या नजरेने पाहू नये. सशाचा माग, वाऱ्याची दिशा, कुत्र्याची पारख हे पिढ्यांचे ज्ञान आहे. शिकार थांबली म्हणून ते ज्ञान फेकून द्यायचे नाही, त्याला नवे काम द्यायचे आहे.

राखणीचा कुत्रा कसा निवडावा

थिऑलॉजीच्या वर्गात ईयोबाचे पुस्तक शिकताना तिसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख येतो. आम्ही तो भरभर वाचून पुढे गेलो होतो. पवित्र शास्त्रात कुत्रा बहुतेक ठिकाणी तुच्छतेने येतो, इथे मात्र तो मेंढरांबरोबर कामावर आहे. आज वस्तीवर आपल्याला हवा आहे तो हाच कुत्रा.

काम करणारे कुत्रे ढोबळमानाने तीन प्रकारचे समजावेत. डोळ्यावर धावणारा, म्हणजे कारवानी. नाकावर माग काढणारा. आणि जागा न सोडता राखण करणारा. पहिल्याला हललेली वस्तू दिसली की पाठलाग सुचतो. तिसऱ्याला पाठलाग सुचताच कामा नये. त्याने शेळ्यांत राहायचे, परके काही आले तर भुंकून माणसाला जागे करायचे आणि पुन्हा शेळ्यांत यायचे. म्हणून बाबांच्याच मदतीने आम्ही आता पिल्लू उलट कसोट्यांवर निवडतो.

पहिली कसोटी आई-बापांची. ज्यांचे आई-बाप धनगरांच्या वाड्यावर किंवा शेळ्यांच्या गोठ्यात वाढले, अशीच पिल्ले घ्यावीत. आपल्या भागातला गावठी कुत्रा या कामाला उत्तम. त्याला इथले ऊन, इथले अन्न आणि इथले आजार ओळखीचे असतात, आणि तो आवाज द्यायला कंजूस नसतो. शहरातून भारी किमतीचे विदेशी पिल्लू आणू नये. दाट केसांचा कुत्रा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धापा टाकत सावलीत पडून राहतो, मग राखण कोण करणार?

दुसरी कसोटी वयाची. सात-आठ आठवडे पिल्लू आईजवळ राहू द्यावे. आई आणि भावंडांकडून ते चावण्याची मर्यादा शिकते. त्याआधी उचललेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे होण्याची शक्यता जास्त.

तिसरी कसोटी स्वभावाची. पिल्लांपासून काही अंतरावर थाळी वाजवावी. जे पळून कोपऱ्यात दडते ते नको आणि अंगावर येते तेही नको. जे दचकते, पाहते आणि थोड्या वेळाने चौकशीला पुढे येते, ते घ्यावे. नंतर दोरीला चिंधी बांधून जमिनीवरून ओढावी. जे पिल्लू तिच्यामागे वेड्यासारखे धावते, ते बाबांच्या काळी पहिल्या नंबरचे ठरले असते. आज आम्ही ते सोडतो. जे एकदा पाहून पुन्हा आपल्या जागी बसते, तेच आमच्या कामाचे.

चौथी कसोटी तब्येतीची. डोळे स्वच्छ, नाक ओलसर, हिरड्या गुलाबी, दात नीट जुळलेले आणि चाल सरळ असावी. पोट फुगलेले पण बरगड्या दिसत असतील तर जंत झालेले असतात. कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड पाहावेत.

पहिले वर्ष

पिल्लू निवडले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे पहिल्या वर्षात होते. आणल्या दिवसापासून पिल्लाची झोपण्याची जागा शेळ्यांजवळ असावी. गोठ्यात फळ्या लावून कोपरा करावा, म्हणजे शेळ्यांचा वास त्याच्या अंगात मुरतो आणि मोठी शेळी त्याला तुडवतही नाही. खायला तिथेच द्यावे. लेकरांनी लाड करावेत पण बेताने. घरात झोपलेले पिल्लू घराचे होते, कळपाचे होत नाही.

पाच-सहा महिन्यांचे झाले की ते करडांशी खेळताना कान ओढते, मागे लागते. इथेच बहुतेक लोक हसतात आणि इथेच कुत्रा बिघडतो. तिथल्या तिथे खडसावून थांबवावे, मारू मात्र नये. रानात नेताना सुरुवातीला लांब दोरी असावी. ससा, मोर किंवा घोरपड दिसली आणि पिल्लू ताणले गेले तर दोरी धरून परत कळपाकडे वळवावे. कुत्रा भरवशाचा व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. तेवढा धीर धरावा लागतो.

आणखी एक. बिबट्यापुढे एकटा कुत्रा टिकत नाही, उलट बिबट्याला कुत्रा हे सोपे खाद्य वाटते. त्याला रात्री उघड्यावर साखळीने बांधणे म्हणजे आमिष ठेवण्यासारखेच आहे. रात्री कुत्रा शेळ्यांबरोबर बंद गोठ्यात असावा. गोठ्याला वरूनही जाळी हवी. कुत्रा सूचना देतो, पण खरे संरक्षण भिंत, जाळी आणि दिवा करतात. एवढे करूनही शेळी गेलीच तर मेलेले जनावर हलवू नये, लगेच वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून पंचनामा करून घ्यावा. पंचनाम्यावर नुकसानभरपाई मिळते. माहिती नसल्यामुळे कितीतरी कुटुंबे हा हक्क गमावतात.

कुत्रा, शेळी आणि माणसाचे आरोग्य

कुत्रा देऊन आपले काम संपत नाही. जगात पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आजार एकदा दिसू लागला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, तंबाखू काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीच्या सुया चुकवू नयेत. जखम खोल असेल तर डॉक्टर वेगळे इंजेक्शनही देतात. मंत्रतंत्रात घालवलेला एक दिवसही महागात पडतो.

दुसरी गोष्ट जंतांची. बोकड कापल्यावर फुप्फुस, काळीज, आतडी कुत्र्यापुढे टाकण्याची रीत सगळीकडे आहे. त्यांत पाण्याने भरलेल्या गाठी असतील तर त्यातून कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून मातीत आणि तिथून लेकरांच्या हाताला लागतात. पुढे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी होऊ शकतात. म्हणून असे अवयव कच्चे कधी टाकू नयेत, ते पुरावेत किंवा जाळावेत. कुत्र्याला ठरल्या वेळी जंताचे औषध द्यावे आणि कुत्र्याला हात लावल्यावर लेकरांनी हात धुवावेत.

तिसरी गोष्ट रानाची. मोकाट कुत्रे ससे आणि हरणाची पाडसे मारतात आणि रोगही पसरवतात. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये कुत्र्यांत आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू सापडले होते. म्हणून वस्तीवर गरजेपुरतीच कुत्री असावीत, त्यांना लस आणि नसबंदी मिळावी, आणि ती रात्री मोकळी नसावीत. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाशी संपर्क होतो.

आपण काय करू शकतो

पिल्लू देऊ करण्याआधी एक फोन करून विचारा. वस्तीला ते हवे आहे का, आणि कोणत्या कामासाठी, हे वस्तीतले लोक सांगतील. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी शेळीबरोबर गोठ्याच्या जाळीचाही विचार करावा. एका जाळीने जेवढ्या शेळ्या वाचतात तेवढ्या दहा कुत्र्यांनी वाचत नाहीत. आपल्या मंडळीत पशुवैद्य असतील तर वर्षातून एक दिवस लसीकरणासाठी द्यावा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, तो दिवस त्यासाठी योग्य आहे. वकील असतील तर अशा खटल्यांत अडकलेल्या पोरांना सल्ला द्यावा. आणि त्या भावासाठी, त्याच्या आईसाठी प्रार्थनेत आठवण ठेवावी.

त्या दोन कारवानी कुत्र्यांचे काय झाले, असे काहीजण विचारतील. वस्तीवर चर्चा करून ते आम्ही उदगीरकडच्या एका जाणकार पाळणाऱ्याला दिले. ते तिथे कुंपणाच्या आत धावतात.

आणि त्या मुलाला मी काय उत्तर दिले? मी त्याला बाबांकडे नेले. बाबांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "हे त्यांच्या बिळातल्या सशाचं काम हाय. आपला ससा बिळात बसत नसतो." मग ते उठले आणि शेजारच्या घरी व्यालेल्या गावठी कुत्रीजवळ त्याला घेऊन गेले. चार पिल्ले होती. बाबांनी थाळी वाजवली, चिंधी ओढली. तीन पिल्ले चिंधीमागे धावली. चौथे, तपकिरी रंगाचे, उभे राहून पाहत होते, मग शेळीच्या पायाशी जाऊन बसले.

"हे धर," बाबा म्हणाले.

ते पिल्लू आता सात महिन्यांचे झाले आहे. गेल्या महिन्यात त्याला रेबीजची लस दिली. मुलाने अजून त्याला रात्री मोकळे सोडलेले नाही. भावाची पुढची तारीख जवळ आली आहे.